पराक्रमाची नोंद : बेंगळुरू आणि सर्वोच्च शौर्यपदकांचे मानकरी

रणांगणावरील असामान्य शौर्याचा सन्मान दोन ठिकाणी होत असतो. एक सन्मान राष्ट्राच्या राजधानीत होतो, जिथे राजपत्रात नाव प्रसिद्ध होते आणि राष्ट्रपतींच्या हस्ते पदक प्रदान केले जाते. दुसरा सन्मान त्या वीराच्या गावात किंवा शहरात होतो, जिथे एखाद्या रस्त्याला त्याचे नाव दिले जाते, चौकात अर्धपुतळा उभा राहतो किंवा शाळेच्या भिंतीवर तसबीर लागते. पहिल्या सन्मानाचे नियम लिखित आणि काटेकोर असतात, तर दुसरा सन्मान बहुतेक वेळा स्थानिक नगरपालिका, माजी सैनिकांच्या संघटना, शाळा आणि कुटुंबीय यांच्या उत्साहावर अवलंबून राहतो. पदक मिळालेला माणूस पुढच्या पिढीच्या ओळखीचा राहतो की नाही, हे मात्र मुख्यतः या दुसऱ्या, स्थानिक सन्मानावरूनच ठरते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बेंगळुरूइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. मद्रास सॅपर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र येथे हलसूर तलावाच्या परिसरात आहे. अशोक चक्र या शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यपदकाचे दोन मानकरी, कर्नल वसंत वेणुगोपाल आणि मेजर संदीप उन्नीकृष्णन, याच शहरातले. आणि ज्या कर्नाटक राज्याची ही राजधानी आहे, त्या राज्याच्या मातीत जन्मलेले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे परमवीर चक्राचे मानकरी आहेत. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की या शहराच्या इतिहासातील सर्वांत जुने लेख हे लढताना पडलेल्या माणसांच्या स्मरणार्थ कोरलेले शिलालेख आहेत. त्या जुन्या दगडांशी आजच्या नामफलकांची तुलना केली, तर सन्मानाच्या आधुनिक रीतीत काय साधले आणि काय निसटले, हे स्पष्टपणे दिसते.

दोन सर्वोच्च पदके

भारतात सर्वोच्च शौर्यपदके दोन आहेत आणि सर्वसामान्य वाचकांच्या मनात त्यांची अनेकदा गल्लत होते. शत्रूसमोर, म्हणजे युद्धात किंवा युद्धसदृश कारवाईत, जमिनीवर, समुद्रात वा आकाशात दाखवलेल्या अतुलनीय शौर्यासाठी परमवीर चक्र दिले जाते. तर शत्रूसैन्याशी प्रत्यक्ष युद्ध सुरू नसताना, दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत, बंडखोरीविरोधी मोहिमेत किंवा एखाद्याचा जीव वाचवताना दाखवलेल्या तशाच कोटीच्या धैर्यासाठी अशोक चक्र दिले जाते. परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कृत्यांना लागू करण्यात आले, त्यामुळे १९४७-४८ च्या जम्मू-काश्मीर युद्धातील वीरांना ते मिळू शकले. अशोक चक्राची स्थापना जानेवारी १९५२ मधली असून आरंभी ते ‘अशोक चक्र, वर्ग १’ या नावाने ओळखले जाई. आजचे सुटसुटीत नाव त्याला १९६७ साली मिळाले.

परमवीर चक्राच्या घडणीशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. त्या जन्माने युरोपीय होत्या, भारतात येऊन त्यांनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि भारतीय पुराणे व परंपरा यांचा त्यांनी सखोल अभ्यास केला. कांस्य धातूच्या वर्तुळाकार पदकावर मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती, अशी ही रचना असून पदक साध्या जांभळ्या फितीवर लावले जाते. वज्राची निवड सहेतुक होती, कारण दधीची ऋषींनी लोककल्याणासाठी देहत्याग करून आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांपासून इंद्राचे वज्र घडवले गेले, अशी कथा आहे. पहिले परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर देण्यात आले, ते मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर होते.

परमवीर चक्र किती दुर्मिळ आहे, हे एका आकड्यावरून ध्यानात येते. १९४७ पासून कारगिल युद्धापर्यंतच्या काळात ते २१ जणांना मिळाले, आणि त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. पदकाची शिफारस पलटणीपासून सुरू होते, वरच्या प्रत्येक पातळीवर ती तपासली जाते, प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी पाहिल्या जातात आणि शेवटी संरक्षण मंत्रालयामार्फत ती राष्ट्रपतींपर्यंत पोहोचते. या साऱ्या प्रक्रियेतून जो मजकूर तयार होतो, त्याला मानपत्र म्हणतात. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, किती वाजता, कोणत्या परिस्थितीत संबंधित सैनिकाने नेमके काय केले, याची ती अधिकृत नोंद असते. पदक कपाटात जपून ठेवले जाते, पण मानपत्र वाचले तरच त्या पदकाचा अर्थ कळतो. आणि स्थानिक सन्मानात नेमके हे मानपत्रच बहुधा गळून पडते.

राजौरीची वाट

मानपत्र वाचल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे रामा राघोबा राणे यांचा पराक्रम. राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील हावेरी येथे झाला. घराणे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे पुण्याजवळ खडकीला केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. सॅपर म्हणजे सैन्यासाठी रस्ते आणि पूल बांधणारा, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणारा आणि अडथळे स्फोटाने उडवून देणारा अभियंता सैनिक. पायदळ आणि रणगाडे त्याच्या मागून जातात, म्हणून धोक्याच्या जागी तो सर्वांच्या आधी पोहोचलेला असतो.

एप्रिल १९४८ मध्ये, जम्मू-काश्मीरच्या युद्धात, भारतीय सैन्याला नौशेराहून राजौरी गाठायची होती. डोंगराळ मुलखातून जाणाऱ्या या रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती आणि मोऱ्या उडवून दिल्या होत्या. ८ एप्रिलच्या सकाळी ११ वाजता नदपूरजवळ राणे यांची तुकडी रणगाड्यांपाशी काम सुरू करण्याच्या तयारीत असताना शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर जागीच ठार झाले आणि स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. जखमी अवस्थेतच राणे यांनी तुकडीची पुन्हा जुळणी करून काम सुरू केले, दिवसभर ते गोळीबारात रणगाड्यांच्या आसपास राहिले आणि संध्याकाळी बरवाली टेकडी हाती आल्यावर, परिसर अद्याप पूर्ण मोकळा झालेला नाही हे माहीत असूनही, रणगाड्यांसाठी पर्यायी वाट काढण्यासाठी ते पुढे गेले. त्या रात्री १० वाजेपर्यंत मशीनगनच्या माऱ्यात हे काम चालू होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ६ वाजता काम पुन्हा सुरू झाले आणि दुपारी ३ वाजता वाट तयार झाली. रणगाड्यांची रांग निघाली तेव्हा राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले होते. अर्ध्या मैलावर चिडाच्या झाडांचा अडसर लागला, तो त्यांनी स्फोटाने उडवला. तीनशे यार्डांवर तसाच दुसरा लागला, तोही उडवला. पुढे उद्ध्वस्त मोरी आली, तिथे गोळीबारातच बगलेचा रस्ता केला. अंधार पडत असताना पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग आणि वर रोखलेल्या मशीनगन अशी नाकेबंदी समोर आली, तेव्हा रात्रीपुरते थांबावे लागले. पण १० एप्रिलला पहाटे पावणेपाच वाजता ते पुन्हा त्याच जागी हजर होते आणि साडेसहापर्यंत तो अडथळा दूर झाला होता. त्यापुढचे हजार यार्ड अडथळे आणि खचवलेले बांध यांनी भरलेले होते, ते साडेदहापर्यंत मोकळे झाले आणि दुपारी २ वाजता रणगाडे चिंगसला पोहोचले. रणगाडे नदीपात्रात उतरून पुढे गेले, तरी राणे थांबले नाहीत, कारण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांना रस्ताच हवा होता. त्या रात्री ९ पर्यंत आणि ११ एप्रिलला पुन्हा पहाटेपासून रात्री १० पर्यंत त्यांनी काम केले. १२ एप्रिल रोजी राजौरी भारतीय सैन्याच्या ताब्यात आली.

हा तपशील वाचल्यावर शौर्याविषयीची रूढ कल्पनाच बदलते. शत्रूवर चालून जाणे, ठाणे जिंकणे, शेवटच्या गोळीपर्यंत लढणे ही शौर्याची परिचित रूपे आहेत. राणे यांचे शौर्य मात्र रस्ता मोकळा करण्यात होते, तेही एका क्षणाच्या आवेशात नव्हे तर सलग चार दिवस, जखमी शरीराने, पुन्हा पुन्हा त्याच धोक्यात परत जाऊन. अभियांत्रिकी शिकणाऱ्या लक्षावधी तरुणांच्या बेंगळुरूत ही कथा विशेष जवळची वाटायला हवी, कारण तारांचे कुंपण आणि सुरुंगांचे पट्टे स्फोटाने उडवण्यासाठी जगभरच्या सैन्यांनी वापरलेले ‘बेंगलोर टॉर्पेडो’ हे साधन १९१२ साली याच शहरात, मद्रास सॅपर्समधील कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी तयार केले होते. राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

शहराचे दोन अधिकारी

कर्नल वसंत वेणुगोपाल यांचे शिक्षण कर्नाटकातील विविध गावांत आणि पुढे बेंगळुरूत झाले. १९८९ साली ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नवव्या पलटणीत अधिकारी म्हणून दाखल झाले आणि २००६ मध्ये त्याच पलटणीचे प्रमुख झाले. भारतीय पायदळात अधिकारी कोणत्याही प्रांताचा असला, तरी तो आपल्या पलटणीतील जवानांची भाषा शिकतो, त्यांचे सण साजरे करतो आणि त्यांचीच रणघोषणा देतो. त्यामुळे कन्नड घरातील या अधिकाऱ्याच्या लष्करी आयुष्यातली भाषा मराठी होती आणि घोषणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची होती. ३१ जुलै २००७ रोजी काश्मीरमधील उरी क्षेत्रात, नियंत्रण रेषेलगतच्या दाट जंगलात, घुसखोरांच्या टोळीला अडवण्याच्या कारवाईचे नेतृत्व त्यांनी स्वतः केले. पलटणीच्या प्रमुखाने मागे राहून सूत्रे हलवली असती, तर कोणी दोष दिला नसता. पण ते जवानांसोबत पुढे राहिले, घुसखोरांच्या पळवाटा रोखल्या आणि गंभीर जखमी झाल्यावरही लढत राहिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४० वर्षांचे होते. २६ जानेवारी २००८ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्यांच्या पत्नी सुभाषिनी वसंत यांनी मरणोत्तर अशोक चक्र स्वीकारले.

मेजर संदीप उन्नीकृष्णन हे बेंगळुरूत वाढलेल्या मल्याळी कुटुंबातले. फ्रँक अँथनी पब्लिक स्कूल ही त्यांची शाळा, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी हे त्यांचे लष्करी शिक्षणाचे ठिकाण आणि बिहार रेजिमेंट ही त्यांची मूळ पलटण. पुढे ते राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात, म्हणजे एनएसजीमध्ये गेले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ताजमहाल हॉटेलमधील कारवाईत तुकडीचे नेतृत्व करताना २८ नोव्हेंबरला त्यांना वीरमरण आले. एक सहकारी कमांडो जखमी होऊन पडला, तेव्हा त्याला सुरक्षित जागी हलवण्याची व्यवस्था त्यांनी आधी केली आणि मग सोबत्यांना मागे ठेवून ते स्वतः अतिरेक्यांच्या पाठलागावर गेले. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झाले. त्याच यादीत मुंबई पोलिसांतील हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांचीही नावे होती. बेंगळुरूमध्ये येलहंका परिसरातील एका महत्त्वाच्या रस्त्याला आज मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचे नाव आहे.

स्थानिक म्हणजे कुठला?

या तिन्ही वीरांच्या चरित्रांतून एक महत्त्वाचा प्रश्न पुढे येतो. राणे जन्माने हावेरीचे, मूळचे कारवारकडचे, सैनिक म्हणून खडकीचे, अखेरच्या काळात पुण्याचे आणि पराक्रमाने राजौरीचे. मग त्यांना आपला म्हणण्याचा अधिकार कोणाचा? वसंत वेणुगोपाल यांच्यावर बेंगळुरूचा हक्क जितका आहे, तितकाच त्यांच्या हाताखाली लढलेल्या मराठी जवानांच्या गावांचाही आहे, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे, त्या सीमाभागातील शहराचाही आहे. संदीप उन्नीकृष्णन यांच्यावर तर केरळ, कर्नाटक, बिहार रेजिमेंट आणि मुंबई अशा चौघांचाही दावा आहे. सीमेच्या आणि भाषेच्या प्रश्नावर दोन राज्यांत कितीही वाद असोत, पलटणीत तो वाद केव्हाच मिटलेला असतो. म्हणून वीराचे स्थानिकत्व एकाच ठिकाणी शोधण्याऐवजी, त्याच्या आयुष्याने जोडलेल्या प्रत्येक ठिकाणाने आपापल्या परीने त्याची आठवण ठेवावी, हेच योग्य होय.

याचा उत्तम नमुना महाराष्ट्राच्या वीराबाबत इटलीत पाहायला मिळतो. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे तत्कालीन सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहेच. पण २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावानेही त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडीच्या रूपातील स्मारक उभारले. ब्रिटनने पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांच्या जन्मगावी स्मृतिशिला बसवल्या, तोही याच विचाराचा भाग होता. ज्या गावात माणूस जन्मला त्या गावच्या रस्त्यावर त्याचे नाव असावे आणि ज्या भूमीसाठी तो लढला त्या भूमीनेही ते लक्षात ठेवावे, अशी या दोन्ही उपक्रमांमागची भूमिका दिसते.

दगडावर कोरलेले युद्ध

वीराचे स्मरण कसे करावे, याचे उत्तर बेंगळुरूला बाहेरून आणावे लागत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रदेशांत मध्ययुगात वीरगळ उभारण्याची प्रथा होती. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. त्याच्या सर्वांत खालच्या चौकटीत लढाईचा प्रसंग, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेत असल्याचे दृश्य, वरच्या चौकटीत शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. चंद्रसूर्य असेतोवर ही कीर्ती टिकावी, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर चक्क जहाजांचे युद्ध कोरलेले आहे. हा मान राजांच्या सेनापतींपुरता राखीव नव्हता. गावाची गुरे पळवून नेणाऱ्यांशी झुंजलेल्या साध्या गावकऱ्यालाही तो मिळत असे.

बेंगळुरूतील हेब्बाळ भागात २०१८ साली असाच एक दगड पुन्हा उजेडात आला. इसवी सन ७५० च्या सुमाराचा हा लेख कित्तय्या नावाच्या माणसाच्या स्मरणार्थ असून, परमुलखातून आलेल्या हल्लेखोरांशी लढताना तो पडला, असे त्यात नोंदवले आहे. शहरात सापडलेल्या सर्वांत जुन्या कन्नड लेखांत त्याची गणना होते आणि नागरिकांच्या पुढाकाराने त्याच्यासाठी स्वतंत्र मंडपही उभारण्यात आला. शहराच्या दक्षिणेकडील बेगूरच्या मंदिरातील सुमारे ८९० सालच्या लेखात तर ‘बेंगळुरू’ हे नावच पहिल्यांदा आढळते, आणि ते आढळते बेंगळुरूच्या लढाईत पडलेल्या बुट्टणशेट्टीच्या स्मरणलेखात. आजच्या या महानगराचे नाव लिखित स्वरूपात उरले आहे, ते एका वीराची आठवण जपली गेल्यामुळे.

या दगडांचे खरे वैशिष्ट्य असे की त्यांत तीन गोष्टी एकत्र येतात : वीराचे नाव, त्याने केलेल्या कृत्याचा तपशील आणि अनेकदा त्याच्या वारसांना दिलेल्या जमिनीची नोंद. कर्नाटकात अशा जमिनीला ‘नेत्तर कोडगे’, म्हणजे सांडलेल्या रक्ताबद्दल दिलेले दान, असे म्हणत. बेगूरचाच एक मोठा वीरगळ आज कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. त्यावर हत्ती आणि घोडेस्वार यांच्यासह संपूर्ण रणधुमाळी कोरलेली असून, वीराच्या मृत्यूनंतर दिलेल्या गावांची नोंदही त्याच दगडावर आहे. वाचता न येणाऱ्याला चित्रावरून पराक्रम कळावा, वाचता येणाऱ्याला लेखावरून कळावा आणि कुटुंबाचा हक्क साऱ्या गावादेखत पक्का व्हावा, एवढे काम तो एक दगड करीत असे.

आधुनिक व्यवस्थेने या तिन्ही गोष्टींची वाटणी वेगवेगळ्या खात्यांत केली आहे. नाव महापालिकेच्या फलकावर गेले, कृत्य राजपत्रात गेले आणि कुटुंबाचा आधार निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात गेला. प्रत्येक खाते आपले काम करते, पण फलक वाचणाऱ्याला कृत्य कळत नाही आणि कृत्याची नोंद ठेवणाऱ्याला कुटुंबाची स्थिती ठाऊक नसते. ब्रिगेड रोड आणि रेसिडेन्सी रोड यांच्या नाक्यावरील पहिल्या महायुद्धाचा स्तंभ याची साक्ष देतो : मद्रास पायोनियर पलटणींच्या बलिदानाची ती खूण आहे, तरी खरेदीसाठी तिथून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना तो स्तंभ कशासाठी आहे हे सांगता येणार नाही.

या बाबतीत बेंगळुरूने उचललेले एक मोठे पाऊल म्हणजे जवाहरलाल नेहरू तारांगणाजवळचे राष्ट्रीय सैनिक स्मारक. स्वातंत्र्यानंतर कर्तव्य बजावताना प्राण दिलेल्या वीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथल्या शिळांवर कोरलेली आहेत आणि स्मारकासाठी एकाच दगडातून घडवलेल्या प्रचंड वीरगळाची योजना करून शहराने आपल्या जुन्या परंपरेशी नाते जोडले आहे. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही सर्व २१ परमवीरांचे अर्धपुतळे एका स्वतंत्र दालनवजा परिसरात, परम योद्धा स्थळी, मांडलेले आहेत.

नाव देण्याच्या रीती

नाव देऊन गौरव करण्याच्या रीती भारतात नाना प्रकारच्या आहेत, आणि राणे यांच्याबाबत त्यांतील बहुतेक वापरल्या गेल्या. भारतीय नौवहन महामंडळाने १९८० च्या दशकात आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली, त्यांत राणे यांच्या नावाचे जहाज होते आणि ते सुमारे पंचवीस वर्षे समुद्रात होते. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ, २००६ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ निनावी बेटांना २१ परमवीरांची नावे देण्यात आली, तेव्हा एक बेट राणे यांच्या नावे झाले. विज्ञानाच्या क्षेत्रातही अशी उदाहरणे आहेत. महाराष्ट्रात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी २०२१ साली तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले.

या सर्व उपक्रमांचे मोल आहेच, तरी जहाज मोडीत निघते, बेट दूर असते आणि पुतळ्याखालच्या पाटीवर जन्ममृत्यूच्या तारखांपलीकडे फारसे काही नसते. कारवारच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या मुलाला त्या पुतळ्यासमोर उभे राहून चिडाची झाडे, सुरुंग आणि चार दिवसांची ती झुंज वाचता आली, तर तो पुतळा त्याच्यासाठी एका परक्या मोठ्या माणसाचा राहणार नाही. शाळकरी विद्यार्थ्यांना शौर्यपदकांच्या मानकऱ्यांवर लेखन आणि चित्रे करायला लावणारा केंद्र सरकारचा ‘वीर गाथा’ उपक्रम २०२१ पासून सुरू आहे. त्याची दिशा योग्य आहे, कारण मुलाला लिहायचे असेल तर आधी मानपत्र वाचावे लागते.

कुटुंबाचा मान

जुन्या वीरगळावरील तिसरी गोष्ट, म्हणजे वारसांचा आधार, आजच्या काळात भत्त्यांच्या रूपात दिली जाते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राचा मासिक भत्ता १०,००० वरून २०,००० रुपये आणि अशोक चक्राचा ६,००० वरून १२,००० रुपये केला. याशिवाय राज्य सरकारे आपापल्या धोरणानुसार रोख रक्कम, जमीन किंवा नोकरी देतात आणि त्यांत राज्यागणिक मोठी तफावत असते. २०१७ सालीच आणखी एक महत्त्वाचा बदल झाला. मरणोत्तर पदकाचा भत्ता वीरपत्नीला मिळत असे, पण तिने पुनर्विवाह केल्यास तो बंद होई. अपवाद होता तो फक्त दिवंगत पतीच्या भावाशी विवाह केल्याचा. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली. वीराच्या सन्मानाच्या नावाखाली त्याच्या पत्नीच्या आयुष्यावर बंधन घालणे हा त्या पदकाचाच अवमान होता, आणि तो दूर होण्यास इतकी वर्षे लागावीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पैशाने न भागणाऱ्या गरजाही असतात. तरुण वयात पती गमावलेल्या स्त्रीला कागदपत्रे, मुलांचे शिक्षण, सासर-माहेरचे ताण आणि एकटेपण या सगळ्यांशी एकाच वेळी झुंजावे लागते; गावाकडच्या जवानाच्या पत्नीसाठी तर भाषा आणि कचेऱ्या हे आणखी दोन अडथळे असतात. सुभाषिनी वसंत या भरतनाट्यमच्या नर्तिका आहेत. त्यांनी पतीच्या निधनानंतर बेंगळुरूत वसंतरत्न फाउंडेशनची स्थापना करून अशाच वीरपत्नींच्या आणि त्यांच्या मुलांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम हाती घेतले. एका अधिकाऱ्याच्या पदकाचे तेज अशा रीतीने अनेक अनाम जवानांच्या घरांपर्यंत पोहोचले, आणि शहराला अभिमान वाटावा असे हे स्मारक कोणत्याही दगडापेक्षा कमी टिकाऊ नाही.

करण्याजोगे

एवढ्या विवेचनानंतर स्थानिक सन्मान कसा असावा, याची दिशा पुरेशी स्पष्ट होते. वीराच्या नावाच्या प्रत्येक रस्त्यावर, चौकात आणि शाळेत त्याच्या मानपत्राचा सारांश सोप्या भाषेत लावला जावा. तो बेंगळुरूत कन्नडमध्ये असावाच, पण वसंत वेणुगोपाल यांच्या बाबतीत त्यांच्या जवानांच्या मराठीत आणि संदीप उन्नीकृष्णन यांच्या बाबतीत त्यांच्या घरच्या मल्याळममध्येही असावा. पदकाच्या घोषणेनंतर पहिली काही वर्षे समारंभ होतात आणि पुढे सगळे थंडावते, म्हणून पराक्रमाच्या तारखेला त्या वीराच्या शाळेत दरवर्षी मानपत्राचे वाचन व्हावे. राणे यांच्यासाठी ८ एप्रिल, वेणुगोपाल यांच्यासाठी ३१ जुलै आणि उन्नीकृष्णन यांच्यासाठी २८ नोव्हेंबर. महापालिकेने एखाद्या वीराचे नाव देताना त्याच्या कुटुंबाच्या परिस्थितीचीही विचारपूस करण्याची पद्धत पाडावी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला त्यात सहभागी करून घ्यावे. यांपैकी कशालाही मोठा निधी किंवा नवा कायदा लागत नाही.

परमवीर चक्र किंवा अशोक चक्र देण्याचा अधिकार फक्त राष्ट्रपतींना आहे, आणि तो मान कोणाला मिळावा हे ठरवणे सर्वसामान्य नागरिकाच्या हाती नाही. त्या पदकामागचे कृत्य पुढच्या पिढीला नेमकेपणाने ठाऊक असावे आणि त्या घराला आपण एकटे पडलो असे कधी वाटू नये, ही जबाबदारी मात्र शहराची, शाळेची आणि शेजाऱ्यांची आहे. बेगूरच्या गावकऱ्यांनी ती अकराशे वर्षांपूर्वी एका दगडाच्या आधाराने पार पाडली होती, आणि आजच्या बेंगळुरूजवळ त्यासाठी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत.